तिरंगा, बोकड्या, केवडा

२०२०च्या उन्हाळ्यात, एप्रिल सरता सरता, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आले की टोमॅटो रंग धरत नाहीये. तोडणीला आलेले फळ एरवी बुडाकडून रंगायला लागते आणि दोन-चार दिवसांत सगळे लाल होते. या वेळी ते एका बाजूने लाल, मध्येच पिवळे आणि उरलेले हिरवेच राहत होते. काही फळे कापली की आत काळपट आणि टणक निघत. संगमनेर, अकोले, सातारा इकडूनही तशाच तक्रारी येऊ लागल्या. कुणीतरी या रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. नाव चपखल होते, म्हणून ते पसरले. पंधरवड्यात त्याचा ‘तिरंगा व्हायरस’ झाला.

वर्ष २०२० होते, हे विसरून चालणार नाही. ‘व्हायरस’ हा शब्द त्या दिवसांत नुसता उच्चारला तरी माणसे दोन पावले मागे सरकत. टोमॅटोवर नवा व्हायरस आलाय, तो करोनापेक्षा भयंकर आहे, अशा अर्थाच्या बातम्या आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप फिरू लागले. टाळेबंदीमुळे हॉटेले, खाणावळी आणि लग्नसमारंभ आधीच बंद होते. वाशीचा घाऊक बाजार मे महिन्यात काही दिवस पूर्ण बंद ठेवला गेला. अशा वेळी शहरातल्या गिऱ्हाइकाने टोमॅटोकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. ज्यांच्या प्लॉटमध्ये रोगाचा मागमूस नव्हता, त्यांचाही माल पडून राहू लागला. शेतकरी संघटनांनी या बातम्यांविरुद्ध आवाज उठवला, शास्त्रज्ञांनी खुलासे केले. वनस्पतींचे विषाणू माणसाला होत नाहीत. वनस्पतीच्या पेशीला कठीण भिंत असते आणि तिच्यातून आत शिरायला विषाणूला किड्याची सोंड किंवा झाडावरची जखम लागते. माणसाच्या पेशीत शिरायची किल्ली त्याच्याकडे नसते. हे सांगायला एक वाक्य पुरते, पण भीती त्याआधी पोहोचलेली होती.

म्हणजे त्या उन्हाळ्यात नुकसान दोनदा झाले. पहिले झाडावर झाले आणि दुसरे नावामुळे. दुसऱ्याची चर्चा पुष्कळ झाली. पहिल्याचा इतिहास मात्र कुणी फारसा काढला नाही, आणि तो जुन्नरच्या किती जवळ घडला आहे हे पाहिले की आश्चर्य वाटते.

बाधित झाडांचे नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले. मे संपताना निष्कर्ष आला : प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे काकडीवरचा मोझॅक विषाणू, आणि त्याच्या सोबतीला आणखी काही. ज्याने आयुष्यात काकडीची वेल लावलेली नाही, त्याने या निष्कर्षाचे काय करायचे? नव्या, अज्ञात, कदाचित परदेशातून आलेल्या रोगाची वाट पाहिली जात होती आणि कागदावर आला तो शंभर वर्षांचा जुना पाहुणा. हा विषाणू अमेरिकेत १९१६ साली काकडीवर नोंदला गेला. डूलिटल नावाच्या संशोधकाने त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला समोर काकडी दिसत होती, म्हणून नावात काकडी आली. पुढे तो बाराशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर सापडला. केळी, मिरची, भोपळा, झेंडू, बांधावरचे तण, सगळीकडे. नाव मात्र काकडीचेच राहिले.

विषाणूंची नावे अशीच पडतात. हातात वही असलेल्या माणसाला तो पहिल्यांदा ज्या झाडावर दिसला, त्या झाडाचे नाव त्याला कायमचे चिकटते. तंबाखूची पाने चट्ट्यापट्ट्यांची होतात म्हणून नेदरलँड्समध्ये मायर या रसायनशास्त्रज्ञाने १८८६मध्ये त्या रोगाला ‘मोझॅक’ म्हटले. १८९२मध्ये इव्हानोव्स्कीने आणि १८९८मध्ये बायरिंकने दाखवले की जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही हा रोग पार जातो. विषाणू ही कल्पनाच तिथे जन्माला आली. माणसाच्या आजारातून नव्हे, तंबाखूच्या पानातून. टोमॅटोचा आणखी एक मोठा शत्रू आहे, त्याच्या नावात भुईमूग आहे : भुईमुगाचा शेंडेमर. आपल्याकडे बराच काळ तो ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा दिसलेल्या टोमॅटोच्या ‘स्पॉटेड विल्ट’चाच भाऊ समजला जाई. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी १९९२मध्ये तो वेगळा विषाणू असल्याचे सिद्ध केले. तेव्हाही तपासणीच्या टेबलावर भुईमूग होता.

शेतकऱ्याची नावे ठेवण्याची पद्धत याच्या बरोबर उलट आहे. तो झाड बघत नाही, रूप बघतो. पाने आखडून, वाटीसारखी वर वळून शेंडा बोकडाच्या कानासारखा दिसू लागला की तो ‘बोकड्या’. पाने कडेपासून भाजल्यासारखी झाली की ‘करपा’. सकाळी ताठ असलेले झाड दुपारी मान टाकते आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही, ती ‘मर’. पीठ भुरभुरल्यासारखे पान दिसले की ‘भुरी’. भेंडीचे पान केवड्यासारखे पिवळे पडले की ‘केवडा’. (बोकडाच्या कानाची व्युत्पत्ती मी ऐकीव सांगतो आहे, पान पाहिले की ती पटते, एवढेच.) या नावांना शास्त्रीय म्हणत नाहीत, पण बांधावरून ओरडून सांगितले तरी पलीकडच्याला कळते. ‘तिरंगा’ याच जातीचे नाव होते. ते रूपाचे वर्णन होते. गडबड झाली ती त्याच्यापुढे ‘व्हायरस’ जोडला तेव्हा. वर्णनाचे एकदम निदान झाले, आणि तेही नव्या, कधी न पाहिलेल्या विषाणूचे.

या दोन भाषांमधले अंतर नुसते शब्दांचे असते तर मी त्यावर इतके लिहिले नसते. त्या अंतरात पैसा जातो.

पाने पिवळी पडली, आखडली, फळ रंगेना, की शेतकरी फवारतो. पण टोमॅटोवर विषाणू आणणारे किडे तीन आहेत आणि तिघांची तऱ्हा तीन प्रकारची. पांढरी माशी बोकड्याचा विषाणू आणते. त्यासाठी तिला रोगट पानावर बराच वेळ बसून रस प्यावा लागतो, आणि एकदा तो पोटात गेला की ती पुढे दिवसचे दिवस त्याची वाहक राहते. फुलकिडा शेंडेमर आणतो, पण लहानपणी, पिल्लू असताना रोगट झाडावर जगला असेल तरच. मोठेपणी खाल्लेल्या रोगट पानाने तो वाहक होत नाही. मावा काकडी मोझॅक आणतो, आणि त्याला दोन्हींची गरज नसते. तो येतो, झाड आवडते की नाही हे पाहायला सोंड टोचून बघतो, नाही आवडले तर उडून जातो. एवढ्या काही सेकंदांत विषाणू सोंडेच्या टोकाला लागतो आणि पुढच्या झाडाला टोचताना तिथे उतरतो. कीटकनाशकाने मावा मरतो, पण मरण्याआधी त्याचे काम झालेले असते. पांढऱ्या माशीविरुद्ध जी फवारणी थोडीफार उपयोगी पडते, ती इथे जवळजवळ वाया जाते. कधीकधी तर औषधाने बेचैन झालेला मावा जास्तच भटकतो. २०२०मध्ये निदान कळेपर्यंत किती टाक्या फवारल्या गेल्या असतील याचा हिशेब कुणाकडे नाही. एकरी लाखाच्या पुढे खर्च गेलेल्या प्लॉटमध्ये माणूस हात बांधून बसत नाही. आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर ‘काही फवारू नका’ असा सल्ला सहसा मिळत नाही.

हे सगळे ज्ञान परदेशातल्या पुस्तकांत होते असे नाही. नारायणगावहून पुणे पाऊणशे किलोमीटर. पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या मासिकात १९२४ साली जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या पिकांवरील मोझॅक आणि तत्सम रोगांवर लेख लिहिला. भेंडीच्या केवड्याची ती पहिली नोंद मानली जाते. १९४०मध्ये पुण्यातच उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी तो रोग विषाणूचा असल्याचे दाखवले आणि त्याला शास्त्रीय नाव दिले. १९५२मध्ये त्यांच्यातल्याच वर्मांनी हा विषाणू आणि पांढरी माशी यांच्या नात्याचा अभ्यास प्रसिद्ध केला : माशीला विषाणू कसा लागतो आणि ती तो पुढे कसा देते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत वासुदेव आणि सॅम राज यांनी १९४८मध्ये टोमॅटोच्या बोकड्याचे वर्णन केले होते. म्हणजे ज्या वर्षांत जुन्नर-आंबेगावात टोमॅटो हे पीक म्हणून कुणाच्या खिजगणतीतही नव्हते, त्या वर्षांत त्याला पुढे काय काय होणार आहे याची बरीचशी मांडणी पुण्यात आणि दिल्लीत झालेली होती.

खिजगणतीत नव्हते असे का म्हणतो? टोमॅटो आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांबरोबर असे मानले जाते. पण तो ताटात रुळायला एकोणिसावे शतक उलटावे लागले. विलायती वांगे हे त्याचे एक जुने नाव, आणि विदर्भ-खानदेशात आजही भेदरे म्हणतात. जुन्या शाकाहारी घरांत त्याच्या लाल गराकडे पाहून नाक मुरडणारे होते. जुन्नरच्या मातीला मात्र परदेशी भाज्या नवीन नव्हत्या. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४०च्या आसपास जुन्नरजवळ हिवऱ्याला एक बाग चालवली होती, प्रामुख्याने औषधी झाडांसाठी. बटाटा तर या पट्ट्याने कधीच आपलासा केला. आंबेगावचे सातगाव पठार आजही त्यासाठी ओळखले जाते. टोमॅटो मात्र बरीच वर्षे परसातच राहिला. मोरीच्या पाण्यावर, उकिरड्याच्या कडेला, कुणी न लावता उगवलेला, चपटा, फाकांचा, आंबट गावठी टोमॅटो. त्यालाही बोकड्या होत असे, करपा होत असे. मग ते झाड उपटून टाकायचे आणि आमटीत चिंच घालायची. एवढेच ते नुकसान होते.

हे बदलले ते दोन गोष्टींनी. पहिली, बियाणे. बंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सने १९७३मध्ये ‘कर्नाटक’ हा संकरित टोमॅटो बाजारात आणला, आणि १९८८च्या बियाणे धोरणानंतर संकरित वाणांची रांगच लागली. जाड सालीचे, ट्रकमध्ये क्रेटवर क्रेट रचले तरी न फुटणारे फळ त्यातून आले. दुसरी गोष्ट पाणी. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या दोन तालुक्यांचे वेळापत्रक बदलून टाकले. (डिंभ्याच्या पाण्याखाली मूळचे आंबेगाव गाव गेले. तालुक्याला नाव देणारे गाव तालुक्यात उरले नाही.) उन्हाळ्यात पाणी आले. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव होतेच. जुन्नर बाजार समितीच्या तिथल्या उपबाजारात टोमॅटोचे खुले लिलाव सुरू झाले आणि वीस किलोचे क्रेट हे सगळ्या व्यवहाराचे माप झाले.

उन्हाळी टोमॅटो हा या भागाचा खास जुगार. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायचा आणि जून ते ऑगस्टमध्ये, जेव्हा देशात बऱ्याच ठिकाणी टोमॅटो संपलेला असतो, तेव्हा विकायचा. त्या तीन महिन्यांत देशाला टोमॅटो पुरवणाऱ्या जागा मोजक्या : नारायणगाव, कोलार, मदनपल्ली. भाव मिळाला तर चांगला मिळतो. पण याच वेळापत्रकात रोगाची सोय आहे. पूर्वी एप्रिल-मेमध्ये रान मोकळे असे. हिरवे काही नसे, म्हणून मावा आणि पांढरी माशी उपाशी मरत, आणि विषाणूला राहायला घर उरत नसे. कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्याने ती उपासमार संपली. आता एका शेतात टोमॅटो संपतो तेव्हा शेजारच्या शेतात नवा लागलेला असतो, मधल्या बांधावर काकडी, मिरची, झेंडू असतो. गावठी झाडाच्या काळात विषाणूला पावसाळ्यानंतर दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागे. आता त्याला बारमाही नोकरी आहे. हे माझे मत आहे, पण ते फार धाडसी आहे असे मला वाटत नाही. आणि याचा अर्थ धरणे नको होती असा मुळीच नाही. त्या पाण्याने इथल्या किती घरांत शिक्षण आणि दवाखाना शक्य झाला, हे कोणीही सांगेल.

या साखळीत २०१४मध्ये आणखी एक जण आला. टुटा नावाची दक्षिण अमेरिकी नागअळी, जी २००६मध्ये स्पेनमध्ये पोहोचून तिथून भूमध्य समुद्राभोवती पसरली होती. भारतात ती पहिल्यांदा सापडली ती महाराष्ट्रातच, २०१४च्या ऑक्टोबरमध्ये पुणे परिसरातल्या टोमॅटोवर. ती विषाणू आणत नाही, पान आणि फळ सरळ पोखरते. ती खरोखर नवी होती, परदेशी होती, शेतात दिसतही होती. तिच्यावर एवढा गदारोळ झाला नाही. कदाचित तिला चटकदार नाव मिळाले नाही म्हणून.

परत २०२०कडे. प्लॉट गेला की पहिला संशय बियाण्यावर जातो, आणि त्याही वर्षी तो गेला. यात शेतकऱ्याचा भाबडेपणा शोधणे सोपे आहे, कारण काकडी मोझॅक मुख्यतः माव्याने पसरतो. पण त्याच्या जागी उभे राहून पाहा. हवामानावर दावा लावता येत नाही, माव्यावरही नाही. बियाण्याच्या पाकिटावर तेवढे कुणाचे तरी नाव-पत्ता असतो. १९६६चा बियाणे कायदा बघतो तो उगवणशक्ती आणि शुद्धता. रोगाला बळी पडले म्हणून भरपाई देण्याची सोय त्यात नाही. शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयात जाता येते, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात ठामपणे सांगितले तेव्हा पक्के झाले.

तक्रार करायची तर तालुक्याची समिती येऊन प्लॉट पाहणार, पंचनामा करणार. इथे एक पेच आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला तोच सर्वात कडू भाग आहे. विषाणूवरचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे रोगट झाड दिसले की उपटून, पिशवीत घालून, शेताबाहेर नेऊन पुरणे. पण झाड उपटले की पुरावा गेला. पुरावा ठेवायचा तर रोगट प्लॉट समिती येईपर्यंत उभा ठेवायचा, आणि तोवर माव्याला तिथून शेजाऱ्याच्या शेतात ये-जा करू द्यायची. परसातले एक झाड उपटायला कुणाला विचारावे लागत नाही. एकरातली पाच-सहा हजार झाडे उपटणे म्हणजे आपला दावा आपणच पुरून टाकणे. त्या वर्षी प्रयोगशाळेचा निष्कर्ष आला तोवर अनेकांचे तोडे संपले होते, काहींनी प्लॉटमध्ये जनावरे सोडली होती. कागदावर विषाणूचे नाव आले तेव्हा ते नाव लावायला शेतात झाड नव्हते.

उपाय म्हणून वाण आहेत. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स रिक यांनी अँडीज पर्वतात भटकून जमवलेल्या जंगली टोमॅटोंच्या संग्रहांनी जगभरच्या पैदासकारांना हत्यारे दिली. बोकड्याविरुद्धचे गुण अशाच जंगली भाऊबंदांतून शेतातल्या टोमॅटोत आणले गेले. बंगळुरूच्या संस्थेचा ‘अर्का रक्षक’ तर बोकड्या, जिवाणूंमुळे होणारी मर आणि लवकर येणारा करपा अशा तिघांना तोंड देतो. काकडी मोझॅकला दाद न देणारा भरवशाचा बाजारू वाण मात्र अजून शेतकऱ्याच्या हाती नाही. त्यामुळे २०२०नंतरही तो येत राहिला.

२०२३ साली तर त्याने देशाच्या बातम्यांत जागा मिळवली. त्या वर्षी मे महिन्यात टोमॅटो किलोला दोन-तीन रुपयांवर आला होता. लोकांनी फवारणी थांबवली, प्लॉट सोडून दिले, माल रस्त्यावर ओतला. जुलैत तोच टोमॅटो शहरांत दीडशे-दोनशे रुपये किलो झाला. कारणे सांगितली गेली त्यांत उन्हाळ्यातला तोटा, अवेळी पाऊस, महाराष्ट्रात काकडी मोझॅक आणि कर्नाटकात पांढरी माशी व पर्णगुच्छ ही नावे होती. मग केंद्र सरकारने नाफेड आणि एनसीसीएफमार्फत महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रातून टोमॅटो विकत घेऊन दिल्लीकडच्या ग्राहकांना नव्वद रुपयांनी विकायला सुरुवात केली. मे महिन्यात तीन रुपयांनी घ्यायला कुणी आले नव्हते. ज्या थोड्यांची झाडे रोगातून वाचून उभी होती, त्यांनी नारायणगावात क्रेटमागे हजार-दोन हजार आणि त्याहून अधिक मोजून घेतले, आणि वर्तमानपत्रांत ‘टोमॅटोने करोडपती’ असे मथळे आले. त्या भावात शेजारच्या मेलेल्या प्लॉटचा वाटा होता, हे मथळ्यात बसण्यासारखे नव्हते. गावात ते सगळ्यांना माहीत होते.

आता या भागातल्या रोपवाटिका बारीक नायलॉन जाळीत असतात, रोप लागवडीपर्यंत माव्या-माशीपासून झाकलेले राहते. चंदेरी मल्चिंग पेपरच्या चकाकीने मावा काही दिवस बिचकतो. आणि एक जुना, स्वस्त उपाय आहे : प्लॉटभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी. बाहेरून येणारा मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे सोंड टोचून पाहतो आणि सोंडेला लागलेला विषाणू बराचसा तिथेच पुसला जातो. औषध नाही, पाकीट नाही, दुकान नाही. अट एकच, टोमॅटो लागेल तेव्हा मका पुरेसा उंच हवा. म्हणजे तो महिनाभर आधी, जानेवारीतच पेरायला हवा. जानेवारीत मात्र यंदा टोमॅटो लावायचा की नाही, हेच बहुतेकांचे ठरलेले नसते. ते त्या आठवड्यात नारायणगावला क्रेट कितीला गेले, त्यावर ठरते.